घरातल्या वाक्यांची वही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. परवा आपल्या सोलापूरच्या कन्ना चौकात तुझी आई भेटली. "बीएला भाषाविज्ञान घेते म्हणून हट्ट धरलाय, तुम्हीच सांगा याचं पुढे काय होतं ते," म्हणाली. भर रस्त्यात उभ्या उभ्या काय सांगणार? म्हणून हे पत्र, तुम्हा दोघींसाठी.

आधी प्रवेशाचं. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत भाषाविज्ञान हा बीएचा स्वतंत्र विषय नसतो. मराठी किंवा इंग्रजी स्पेशल घेतलं की त्यात त्याचा एखाददुसरा पेपर येतो. अभ्यासक्रमाची प्रत मिळव, तो पेपर कुठल्या सत्रात आहे ते बघ आणि कोण शिकवतं ते वरच्या वर्गातल्या मुलींना विचार. जिथे मनापासून शिकवतात तिथे जा. मग मराठी मिळो की इंग्रजी, फार विचार करू नकोस.

आता तुझं ते वाक्य. "घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, माझी एकही भाषा धड नाही," असं तू म्हणालीस. ते माझ्या मनातून जात नाही, कारण मीही पूर्व भागातच वाढले. आमच्या घरी दिवसभर मागाचा खडखडाट आणि त्यावरून मोठ्यानं बोललेली तेलुगू. पाचवीत मी वर्गात उभी राहून "माझा वही हरवला" म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही.

माझं काय चुकलं होतं, ते मला कॉलेजात कळलं. तेलुगूत 'ना' म्हणजे माझा, माझी, माझं, सगळं एकच. वस्तू कुठलीही असो, 'ना' बदलत नाही. मराठीत मात्र वही स्त्रीलिंगी, पेन नपुंसकलिंगी, डबा पुल्लिंगी, आणि प्रत्येकासाठी वेगळं रूप. आमच्या घरच्या भाषेत निर्जीव वस्तूंना असं लिंगच नाही, तर ते मला कुठून कळणार? मी नियमानंच बोलत होते, फक्त तो नियम तेलुगूचा होता. हे समजलं त्या दिवशी पाचवीतलं ते ओझं उतरलं. या विषयाचं मला पहिलं देणं हेच.

आता तोच शब्द जरा जवळून ऐक. 'माझा' म्हण. मग 'माझी' म्हण. 'झ'च्या वेळी जीभ कुठे लागते ते बघ. 'माझा'त ती दातांच्या मुळाशी लागते, 'माझी'त मागे सरकून टाळूकडे जाते. 'चमचा' आणि 'चमचे' यांतल्या शेवटच्या 'च'चंही तेच. पुढे इ किंवा ए आला की उच्चार बदलतो, आणि लिपीत त्याचा मागमूस नसतो. चहात बुडवायची चमची तू हजारदा मागितली असशील, पण हे कुणी दाखवलं होतं का? पुस्तकात याला ध्वनिविचार म्हणतील. पण हा फरक आधी जिभेवर सापडू दे, व्याख्या नंतर वाच. पहिल्या वर्षी मी स्वनिमाची, म्हणजे जो बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो अशा ध्वनीची, व्याख्या तोंडपाठ केली, पेपरात शब्दन् शब्द उतरवली, चांगले मार्क पडले, आणि दोन महिन्यांनी काहीही आठवेना. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे पाण्याचा, हे दोन शब्द कुणी शेजारी ठेवून उच्चारायला लावले असते तर पाच मिनिटांत समजलं असतं.

आणि हे सगळं शिकायला सोलापूरसारखी जागा नाही, हे मी अगदी मनापासून सांगते. तुझी आई "घेते म्हणून हट्ट धरलाय" म्हणाली ना, त्यातला 'म्हणून' पकड. 'म्हणणे'पासूनच तो आलाय. तेलुगूत आपण 'वस्तानु अनि चेप्पाडु' म्हणतो, म्हणजे 'येतो म्हणून सांगितलं'. त्यातल्या 'अनि'चा अर्थही 'म्हणून'च. कन्नडवाले त्याच जागी 'अंत' ठेवतात, तोही 'म्हणणे'तूनच आलेला. आणि दखनी, म्हणजे इकडची उर्दू, बोलणाऱ्या शेजारणीचं 'बोलके' ऐक, तेही 'बोलणे'तूनच आलेलं 'म्हणून'. चार भाषा, शब्द चार, वाक्याचा सांगाडा मात्र एकच. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगूचं असंच एकमेकींत मिसळणं गंपर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी तपासलं आणि 1971 साली मांडलं. जगभरचे भाषा-अभ्यासक आजही त्याचा दाखला देतात. तो प्रकार तुझ्या जिन्यात रोज घडतो.

पण सगळंच सारखं असतं असं समजू नकोस. 'आपण गड्ड्याला', म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, 'जाऊ' म्हटलं की तूही त्यात आलीस, 'आम्ही गड्ड्याला जाणार' म्हटलं की तू वगळली गेलीस. तेलुगूत 'मनं' आणि 'मेमु' हाच भेद करतात. आजच्या कन्नडात मात्र दोन्हींना 'नावु', हिंदीत 'हम'. कन्नड तर तेलुगूच्याच कुळातली, तरी हा भेद आज तिच्याकडे नाही आणि मराठीकडे आहे. हे असं का, हा प्रश्न डोक्यात घेऊन झोप.

एखाद्या रविवारी हत्तरसंग कुडललाही जाऊन ये. भीमा आणि सीनेच्या संगमावर शके 940चा, म्हणजे इ.स. 1018चा मराठी लेख आहे. मराठीच्या आद्य लेखांत तो गणला जातो. ज्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला सगळं शहर लोटतं त्यांची वचनं मात्र कन्नडात आहेत. 'धड एकही भाषा नाही' असं पुन्हा वाटलं तर हे दोन्ही आठव.

आईला नोकरीची काळजी आहे, ती रास्त आहे. नुसत्या बीएवर या विषयात इथे नोकरी मिळणार नाही. पुढे एमए करावं लागेल. पुण्याचं डेक्कन कॉलेज त्यासाठी जुनं आणि नावाजलेलं. भाषाविज्ञानात नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, देता येते. म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान 1969 पासून आहे. कोशाचं काम, भाषांतर, अध्यापन, आणि आता बोलणं ओळखणाऱ्या संगणकाला आपल्या भाषा शिकवण्याचं काम. जागा थोड्या आहेत आणि वाट पाहावी लागते. इंग्रजी वाचन रोज कर, जमेल तसं प्रोग्रॅमिंगही शीक. बीएडचा रस्ता मोकळा ठेव, त्यात कमीपणा नाही.

निकालापर्यंत एक काम देते. शंभर पानी वही घे. गल्लीतली पोरं 'काय करलालास बे' म्हणतात. मला त्यात झिजलेलं 'करू लागला आहेस' ऐकू येतं. तिकडे कन्नडात 'मी करतोय'ला 'माडलिक्कत्तीनी' म्हणतात, त्यातलं 'हत्तु' म्हणजेही लागणं, चिकटणं. हे जुळणं खरं की माझ्या कानाचा भास, ते तू शोध. कोण बोललं, वय काय, घरची भाषा कुठली, कुणाशी बोलताना, सगळं लिही. रेकॉर्ड करणार असशील तर आधी विचार. आणि वाक्य जसं ऐकलंस तसंच लिही, सुधारू नकोस.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी घरी ये. येताना वही आण, आणि जमलं तर आजीलाही घेऊन ये. विडी वळताना त्या जे बोलतात ते मला तुझ्याबरोबर बसून ऐकायचंय.

तुझी,
मावशी