रिकामी पिकअप मागून उडते आणि घाटात वळणावर झोल मारते, चांगले शॉकअप टाकले तर फरक पडेल का?

पडेल, पण अर्धाच. रिकामी गाडी उडते त्याचं मुख्य कारण मागचे पाटे, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ते टनभर मालासाठी बनवलेत, आंब्याच्या पेट्या भरल्या की तीच गाडी गपगुमान चालते बघा. शॉकअप वजन पेलत नाही, पाट्यांचं हलणं आवरतो फक्त, म्हणून कडक शॉकअप टाकून जास्त माल भरता येईल असं कोण सांगत असेल तर सोडून द्या.

झोल मात्र नक्की कमी होईल. साध्या तेलाच्या शॉकअपऐवजी गॅसवाले घ्या. खड्ड्यांच्या रस्त्यावर शॉकअप सारखा वरखाली होऊन तापतो, आतल्या तेलाला फेस येतो आणि मग तो काम करायचाच थांबतो, गॅसच्या दाबामुळे हा फेस कमी होतो. आंबा घाट उतरताना हे लगेच कळतं. बदलताना जोडीनेच बदला, एक नवा एक जुना नको. आणि लांबी गाडीला बसणारीच घ्या, उंच दिसायला म्हणून लांब टाकू नका.

त्याआधी जुन्यावर तेल गळतंय का आणि बुश, म्हणजे शॉकअपच्या टोकाचे रबर, फाटलेत का ते बघा, आपल्याकडे खाऱ्या हवेने नटबोल्ट असे गंजतात की गॅरेजवाल्याला कापावेच लागतात, तेव्हा नवीन बोल्ट सोबत आणून ठेवा. टायरची हवा पण बघा हो, रिकाम्या गाडीत लोडची हवा ठेवली तर ती उडणारच. कंपनीच्या स्टिकरवर दोन्ही आकडे असतात बहुतेक.