हेडसेट घेण्याआधी

चि. ..., अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली त्या हेडसेटची माहिती नीट वाचली. रोज थोडा वेळ डोक्याला लावायचा, मेंदूला सौम्य करंट मिळणार, हाव आवरणार, शेअर बाजारातले तुझे निर्णय सुधारणार. त्यावर अर्धा पगार घालायचं तुझ्या मनात आहे, म्हणून लगेच लिहिते. घेऊ नकोस.

यामागचं विज्ञान खोटं नाही. याला टीडीसीएस म्हणतात. डोक्यावर इलेक्ट्रोड ठेवून साधारण 1 ते 2 मिलिअँपिअर प्रवाह सोडतात. कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्याला आवर घालतो. तिथल्या पेशी त्याने किंचित जास्त किंवा कमी तत्पर होतात. पण बराचसा प्रवाह त्वचेतून आणि कवटीतूनच निघून जातो. शिवाय प्रत्येकाचं डोकं वेगळं, त्यामुळे एकाला थोडा गुण येतो, दुसऱ्याला काहीच नाही. प्रयोगशाळेतल्या चाचणीत कुणाचे गुण वाढले, म्हणून सव्वानऊला बाजार उघडताना ऐरोलीच्या गर्दीच्या गाडीत तुझा अंगठा थांबेल, असं त्यातून सिद्ध होत नाही. घरच्या घरी हे प्रयोग करणाऱ्यांना 2016 मध्ये संशोधकांनीच खुलं पत्र लिहून सावध केलं होतं: एक क्षमता वाढवताना दुसरी घटू शकते.

टीएमएस वेगळं. त्यात चुंबकीय स्पंदनं देतात. अमेरिकेत 2008 मध्ये नैराश्यासाठी, 2018 मध्ये ओसीडीसाठी (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा होण्याचा आजार) आणि 2020 मध्ये सिगारेट सोडवण्यासाठी त्याला मान्यता मिळाली. पण ते आजारावरचे उपचार आहेत. फिट येते का, डोक्यात धातूचं काही बसवलंय का, हे विचारून डॉक्टर ते देतात.

ब्रेन ट्रेनिंगच्या अ‍ॅपबद्दल थोडक्यात: खेळ खेळून माणूस मुख्यतः त्या खेळात तरबेज होतो. खेळाने मेंदू तल्लख होतो, अशा दाव्यांपायी ल्युमॉसिटी या अ‍ॅपच्या कंपनीला 2016 मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करून 20 लाख डॉलर भरावे लागले.

आता तुझ्याबद्दल. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या एफ अँड ओ सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी सुमारे 93 टक्के तोट्यात गेले. जिथे शंभरातले त्र्याण्णव हरतात, तिथे तू हरलास म्हणून तुझ्या मेंदूत बिघाड शोधायचा, हे मला मुळीच पटत नाही. तुझं डोकं ठीक आहे रे. तो सौदा तुझ्या हाताला फार सहज लागतो, हे ठीक नाही.

म्हणून आधी ती वाट अवघड कर. ब्रोकरला सांगून एफ अँड ओ सेगमेंट बंद करून घे. पुन्हा सुरू करायला जो खटाटोप लागेल, तोच तुझ्या कामाचा. ट्रेडिंग अ‍ॅप फोनवरून काढ. पगार आला की त्याच दिवशी आईच्या खात्यात ठरलेली रक्कम जाऊ दे. आणि वहीत 'जर-तर' लिही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली: 'मी संयम ठेवीन' असं मोघम लिहायचं नाही, 'जर तोटा भरून काढावासा वाटला, तर मी फोन बॅगेत टाकून रबाळेपर्यंत काढणार नाही' असं लिहायचं. प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवली की ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. रात्री दोनपर्यंत चार्ट बघणंही थांबव. अपुऱ्या झोपेने निर्णय बिघडतात.

एक मात्र खरं सांग. घरी लपवून उसने पैसे घेतले आहेस का? थांबायचं ठरवूनही पुन्हापुन्हा तेच होतंय का? तसं असेल तर वहीने भागणार नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर, मराठीत बोलता येतं. नाहीतर आपल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जाऊ, मी बरोबर येते. त्या नावावरून लोक चिडवतात, चिडवू देत.

शनिवारी घरी आहे. येताना वर्षभराचं प्रॉफिट-लॉस स्टेटमेंट छापून आण. आकडा कितीही मोठा असो, आण.

तुझ्या,
मॅडम