पिशवी, गॅप आणि कंबर

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त कंबरेची आहेत. पेरणी, खुरपणी, खताच्या गोण्या, सगळं एकदमच अंगावर आलेलं असतं, त्यामुळे नवल नाही. तीन पत्रं घेतो. मधल्या पत्राला जास्त जागा देतोय. तसं पत्र मला धारूर, वडवणी, पाटोद्याकडून दर वर्षी येतं, आणि दर वर्षी ते वाचून माझा जीव खालीवर होतो.

प्रश्न : टेम्पोतून कांद्याची गोणी उतरवताना कंबरेत उसण भरली. सरळ उभं राहता येईना. आई म्हणते, गल्लीत एक पायाळू आहे, त्याचा पाय लावून घे. मित्र म्हणतो, एक्स-रे काढ. दुकान बंद ठेवून पडून राहू का?
— किराणा दुकानदार, वय ३४, उदगीर

उत्तर : पायाळू माणसाने हलकेच पाय लावला तर काही बिघडत नाही, आईचं मन राखा. लाथ मात्र मारू देऊ नका, आणि झटका देऊन कंबर 'बसवून' देणाऱ्याकडे जाऊ नका. उसण म्हणजे कंबरेचा एखादा स्नायू, सांधा किंवा दोन मणक्यांमधली गादी दुखावते आणि आजूबाजूचे स्नायू तिला गच्च आवळून धरतात. नेमकं काय दुखावलं हे शंभरातल्या पंच्याऐंशी-नव्वद जणांत कुठल्याच तपासणीत सापडत नाही. सापडायची गरजही पडत नाही, कारण बहुतेकांची कंबर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मोकळी होते. एक्स-रे आत्ता नको.

पडून राहू नका. मी शिकलो तेव्हा आम्ही रुग्णाला तीन आठवडे लाकडी फळीवर झोपवायचो आणि पायाला विटा लटकवायचो. सुरुवातीची काही वर्षं मीही ते केलं. माणसं उठायची तेव्हा कंबर दुखायचीच, वर पायांतली ताकद गेलेली असायची. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास वाचला आणि मी फळी बंद केली. तिथे काहींना दोन दिवस झोपवून ठेवलं, काहींना व्यायाम दिला, आणि काहींना सोसेल तेवढी रोजची कामं करत राहा एवढंच सांगितलं. सगळ्यांत लवकर बरी झाली ती कामं करत राहिलेली माणसं.

दुकान उघडा. गल्ल्यावर सलग बसू नका, दर अर्ध्या तासाने उठा. गरम पाण्याने शेका. आणि बरं वाटल्यावर रोज चालायला लागा. उसण पुन्हा पुन्हा भरते, त्यावर चालण्याइतका स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही. २०२४ साली ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेल्या अभ्यासात, न चालणाऱ्या गटातल्या निम्म्या लोकांची कंबर ११२ दिवसांत पुन्हा धरली. चालणाऱ्यांत तेवढं व्हायला २०८ दिवस लागले.

प्रश्न : माझी आई ३९ वर्षांची आहे. आईबाबा दर वर्षी ऊसतोडीला जातात. जूनमध्ये युरियाची गोणी उचलताना आईची कंबर धरली. आता सात आठवडे झाले. कंबरेपासून डाव्या पायात कळ जाते, अंगठ्याला मुंग्या येतात, खोकलं की जास्त दुखतं. एका डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, पिशवीला सूज आहे, काढून टाका, कंबर थांबेल. दुसऱ्यांनी एमआरआय काढायला लावला. एल चार-पाचची गादी बाहेर आलीय, मणक्यात गॅप पडलाय, आता आयुष्यभर वाकायचं नाही, असं सांगितलं आणि पट्टा दिला. मुकादमाची उचल घेऊन झालीय. आई म्हणती, पिशवी काढून मोकळी होते, फडात तेवढाच त्रास कमी. मी काय करू?
— बारावीतली मुलगी, धारूर तालुका

उत्तर : बाळ, आधी आईला थांबव. या दुखण्यासाठी पिशवी काढायची नाही.

गर्भाशयाच्या काही आजारांत कंबर दुखते, पाळीच्या दिवसांत तर पुष्कळ बायकांची दुखते. पण गुडघ्याच्या खाली उतरून अंगठ्यापर्यंत जाणारी आणि खोकल्याने वाढणारी कळ पिशवीची नसते, ती नसेची असते. पिशवी काढली तरी ती कळ तशीच राहील. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर पाळी त्याच दिवशी कायमची बंद होते आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. म्हणजे पन्नाशीत कंबर नव्याने दुखू शकते, आणि ते दुखणं आत्तापेक्षा वाईट असू शकतं. २०१९ साली आपल्याच बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणी माझ्या टेबलासमोर बसल्यात. "पिशवी काढली डॉक्टर, तरी कंबर हायेच," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते लिहिताना हात थांबतो. आईला अंगावरून जास्त जात असेल किंवा पांढरं जात असेल तर त्याची वेगळी तपासणी जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करून घे. त्यावर औषधं असतात.

आता गॅप. हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचलाय, आणि तो चुकीचा आहे. दोन मणक्यांमध्ये गादी असते. वय वाढतं तसं तिच्यातलं पाणी कमी होतं आणि ती चपटी होते, म्हणजे जागा कमी होते, वाढत नाही. काही तुटून फट पडलेली नसते. कंबर अजिबात दुखत नसलेल्या चाळिशीच्या लोकांचे एमआरआय पाहिले तर शंभरात अडुसष्ट जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात आणि पन्नास जणांच्या फुगलेल्या दिसतात. तीन हजारांहून जास्त लोकांच्या तपासण्या एकत्र मांडून २०१५ साली हे आकडे आले. म्हणून फिल्मपेक्षा माणूस आधी तपासायचा.

आईच्या बाबतीत मात्र फिल्म आणि त्रास जुळतात. एल चार-पाचच्या, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या, मध्ये सहसा जी नस दबते ती अंगठ्याकडेच जाते. ती अजून काम करते का, हे तू घरीच बघ. आईला टाचांवर दहा पावलं चालायला लाव, मग चवड्यांवर. मग तिला डाव्या पायाचा अंगठा वर ओढायला सांग आणि तू बोटाने खाली दाब. उजव्याइतकाच जोर लागला तर चांगली खूण आहे. डावा अंगठा लगेच खाली जात असेल किंवा चालताना पाऊल घसटत असेल तर दोन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञाला दाखव. लघवी अडली, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा दोन्ही पाय गळाले, तर १०८ला फोन करून त्याच दिवशी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ने. तिथे ऑपरेशनला उशीर केला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

यातलं काही नसेल तर ऑपरेशनची घाई नाही. बाहेर आलेली गादी पुष्कळदा आपोआप आक्रसते. नेदरलँड्समध्ये अशाच २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली छापून आला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली, हे खरं. पण वर्षअखेर दोन्ही गटांत शंभरातले पंच्याण्णव बरे होते. पुढच्या महिन्या-दीड महिन्यात उतार पडला नाही आणि कळ सोसवेनाशी झाली, तर ऑपरेशनचा विचार करू, आणि त्याला भ्यायचं कारण नाही.

तुम्ही तोडीला निघाल त्या दसऱ्याला अजून दोन-अडीच महिने आहेत. आजपासून आईला सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटं चालव, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढव. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायला सांग. कळ पायातून वर कंबरेकडे सरकली तर व्यायाम लागू पडतोय, पायात खाली उतरली तर थांबवायचा. मग उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलायची, दहा वेळा. पट्टा काढून ठेव. तो बांधून कंबर बरी होत नाही, डिसेंबर २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जुनाट कंबरदुखीला तो देऊ नका असंच सांगितलं. दर आठवड्याला 'ताकदीची सुई' मारणाऱ्याकडे जाऊ देऊ नकोस, त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. दुखण्याची गोळी जेवून, मोजके दिवस, डॉक्टरांना विचारून. फडात तहानलेलं असताना रोज दोन गोळ्या टाकून कोयता चालवला की मूत्रपिंडावर येतं.

आणि वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, हे ऊस तोडणाऱ्या बाईला सांगण्यात काय अर्थ आहे? एक खाडा पडला की पैसे कापले जातात, हे मला ठाऊक आहे. म्हणून जे बदलता येईल तेवढं बदला. मोळ्या लहान बांधा, फेऱ्या वाढल्या तरी चालतील. जमिनीवरून मोळी एकटीने उचलायची नाही, बाबांनी डोक्यावर द्यायची. फळीवरून ट्रक भरण्याचं काम या वर्षी बाबांचं, आईने वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बांधावेत. तासाभराने कोयता खाली ठेवून, कंबरेवर हात देऊन पाच वेळा मागे झुकायचं. रात्री दोनला ट्रक आला आणि झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशी कंबर जास्त दुखेल. तेव्हा आणखी काही तुटलं असं समजून घाबरायचं नाही. हे पत्र बाबांनाही वाचून दाखव.

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे. तीन महिन्यांपासून पाठ-कंबर दुखते, रात्री झोपेतून उठवते. संध्याकाळी कणकण येते, वजन घटलंय. एक्स-रे नॉर्मल आला, वयाचं दुखणं आहे असं सांगितलं.
— मुलगा, परभणी जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र पोचलं त्याच दिवशी मी फोन केला होता. इथे छापतोय ते इतरांसाठी. वर मी एमआरआयला आवर घाला म्हटलं, पण इथे तो लगेच हवा. आडवं होऊनही न थांबणारं दुखणं, कणकण, घटणारं वजन, ही मणक्याच्या टीबीची खूण असू शकते, क्वचित कर्करोगाची. मणक्यातला टीबी सुरुवातीला एक्स-रेत दिसतच नाही. हाड बरंच खाल्लं गेल्यावर दिसतो, आणि तोवर पाय लुळे पडायला लागलेले असू शकतात. एमआरआयमध्ये संशय आला तर सुईने नमुना काढून खात्री करतात. टीबी निघाला तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मणक्यासाठी साधारण १२ महिने घ्यावी लागतात, आणि बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून वडील गोळ्या सोडायला बघतील. तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि गोळी तुमच्या हाताने द्या.