स्टेम सेलसाठी केळीचा एकर विकावा का?

यावल तालुक्यातल्या एका शिक्षिका ताईंचं पत्र आलंय. पाच वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नाही. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयाने स्टेम सेलचे, म्हणजे मूलपेशींचे, तीन डोस सांगितलेत, खर्च ७ लाख. यजमान विहिरीलगतचा केळीचा एकर विकायला निघालेत, ताई म्हणतात त्यापेक्षा सोनेतारण करू. सासऱ्यांचं तिसरंच: ‘गर्भातल्या पेशी पोराच्या अंगात घालणं पाप आहे.’

ताई, एकर विकू नका आणि सोनंही गहाण टाकू नका.

सासऱ्यांना आधी एवढं सांगा की भ्रूणातून पेशी काढण्यावरचा वाद खरा आहे. १९९८ मध्ये मानवी भ्रूणातल्या मूलपेशी पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या, तेव्हापासून तो जोरात चालू आहे. पण तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये मुलाच्याच कमरेच्या हाडातली अस्थिमज्जा काढून तिच्यातल्या मूलपेशी वापरायच्या आहेत. तिथे भ्रूणाचा संबंध येत नाही.

माझा आक्षेप पैसे घेण्याला आहे. ल्युकेमिया, थॅलेसेमिया अशा रक्ताच्या आजारांत मूलपेशींचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. सेरेब्रल पाल्सी त्यात बसत नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असा वापर म्हणजे संशोधन. ते मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे रुग्णांवरच्या रीतसर चाचणीतच, व्हायला हवं, आणि त्याचा खर्च रुग्णाच्या माथी मारायचा नाही. मग हे ७ लाख कशाचे? त्याच कागदावर खाली बारीक अक्षरांत छापलंय, ‘परिणाम रुग्णानुसार बदलतील, आगाऊ रक्कम परत मिळणार नाही.’ आईबापाच्या आशेवर असा दर लावलेला पाहिला की मला संताप येतो.

रुग्णालयाला लेखी विचारा: ट्रायलचा सीटीआरआय (देशातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय, आणि ट्रायल असेल तर पैसे का? क्रमांक मिळाला तर सीटीआरआयच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

आता हिशोब. फिजिओथेरपीला तुम्ही महिन्याला ६ हजार देता. ७ लाखांत ती साडेनऊ वर्षांहून जास्त चालते, व्याज न धरता. सोनेतारणाला १० टक्के दर धरला तरी वर्षाला ७० हजार नुसतं व्याज, म्हणजे थेरपीचा वर्षभराचा खर्च जवळजवळ तिकडेच गेला. हप्त्याच्या वेळी केळीला भाव असेलच असं नाही, हे यजमानांना मी सांगायला नको. आणि विहिरीलगतचा बागायती एकर एकदा गेला की त्या भावात परत येत नाही. तुमच्या मागे मुलाला आधार लागणार आहे, तो एकर त्यासाठी राहू द्या.

पदरात पडण्यासारखं बरंच आहे. दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी ते काढा. त्यावर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचं आरोग्य विमा कवच मिळतं. आधीपासूनचा आजार तिथे आड येत नाही, ठरावीक मर्यादेत थेरपीही बसते. तुम्ही पगारदार आहात, म्हणून जुन्या करप्रणालीत दिव्यांग अवलंबितासाठी ७५ हजारांची वजावट घेता येते. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजारांची. नव्या प्रणालीत ती नाही, तेव्हा दोन्हींचा कर काढून बघा आणि मगच शाळेत डिक्लेरेशन द्या.

यजमानांचा मुदत विमा किती आहे ते पत्रात नाही. तो आकडा कळवा, मुलाच्या नावाने काय ठेवायचं ते त्यावरून ठरवू.