सांगलीत जुन्या फियाटचे बेअरिंग, ऑइल सील मिळत नाहीत. घरीच दुरुस्ती करतोय, काय करू?

मिळतात, फक्त गाडीचं नाव सांगून मागू नका; जुना भाग काढून त्यावरचा नंबर दाखवा. मी मोटर रिवाइंडिंग करतो, रोजचंच काम आहे. बेअरिंगच्या कडीवर ६२०३ असेल तर आतला व्यास १७, बाहेरचा ४०, रुंदी १२ मिमी. मग ते फियाटचं असो की विहिरीवरच्या मोटरीचं. ऑइल सीलवरही तीन मापं छापलेली असतात. पुसली असतील तर व्हर्नियर (बारीक माप घेण्याची पट्टी) शाफ्टला आणि सील जिथे बसतं त्या भोकाला लावा, झिजलेल्या सीलला नव्हे (इथेच बहुतेक जण चुकतात). शेतीपंपवाल्यांच्या बेअरिंगच्या दुकानात आधी विचारा. ब्रेकच्या रबरांना मात्र हा जुगाड नको: माप जुळलं तरी साध्या ऑइल सीलचं नायट्राइल रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगतं.