राइडिंग लॉन मोवर चोकवरच चालतो, चोक सोडला की बंद. पेट्रोल सिस्टीम कशी साफ करायची?

चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) सोडल्यावर बंद पडतो म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. तुम्ही लिहिल्याप्रमाणे मोवर दिवाळीपासून वर्धा रोडच्या फार्महाऊसवर उभा होता, टाकीत जुनंच पेट्रोल होतं आणि मधे नागपूरचा 45 अंशांचा उन्हाळा गेला. माझा पहिला संशय मेन जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातल्या) पेट्रोलच्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यावर. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं; या इंजिनांच्या कंपन्या बहुधा 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते तळाशी बसतं आणि पितळ-ॲल्युमिनियमवर पांढरा-हिरवा गंज चढतो.

तरी कार्बोरेटरला लगेच हात लावू नका. इंजिन थंड असू द्या, काम उघड्यावर करा. टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला की सगळं फेकायचं, ताज्यात मिसळून वापरायचं नाही. फिल्टर नवा टाका, बाण कार्बोरेटरकडे. पाइप बोटांनी दाबून बघा; चिकट किंवा कडक झाला असेल तर इथेनॉल चालणारा, आतून 6 मिमीचा (जुना मोजून घ्या) पाइप क्लिपांसकट बदला. मग ताजं पेट्रोल घालून कार्बोरेटरकडचं टोक बाटलीत सोडा. टाकी वर असेल तर सलग धार यायला हवी. पंप असेल तर स्पार्क प्लगची कॅप काढून ती इंजिनच्या धातूला टेकवून अर्थ करा आणि स्टार्टर मारा. ठोक्याठोक्याने पेट्रोल यायला हवं.

धार नीट असेल तर मग कार्बोरेटर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बाऊलखाली (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) बोल्टऐवजी वायर लावलेला सोलेनॉइड (विजेवर पिन ओढून पेट्रोलची वाट उघडणारा भाग) असू शकतो. त्याला 12 व्होल्ट दिले की टक् आवाज येऊन पिन आत जायला हवी. पिन अडकली असेल तर जेट कितीही घासा, लक्षण तेच राहणार. बाऊल उतरवा, फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याची) पिन काढून फ्लोट आणि नीडल (त्याच्याबरोबर हलून पेट्रोल बंद करणारी टोकदार झडप) बाजूला ठेवा. जेट उजेडाकडे धरून बघा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. सुई, टाचणी अजिबात नको: पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की पेट्रोल कायमचं जास्त जाणार. वायरीतली तांब्याची एक तार पुरते. बाजूच्या बारीक छिद्रांतही कार्ब क्लीनर मारून हवा सोडा. आयडलला (कमी वेगावर नुसतं चालू असताना) इंजिन वर-खाली होतं ते बहुतेक याच छिद्रांमुळे. नीडलच्या टोकावर खाच पडली असेल तर नीडल नवीच, पॅकिंगही नवं. (सगळं सोडवायच्या आधीच फोटो काढून ठेवा; गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगचं भोक चुकलं की स्पीड बिघडतो.)

सुरू करण्याआधी ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास येत असेल तर नीडल गळत होती किंवा पंपाचा पडदा फाटलाय. ऑइल बदलल्याशिवाय किल्ली फिरवू नका.

चालू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मेला, तर टाकीचं झाकण सैल करून बघा. तेवढ्याने चालला तर झाकणातलं हवेचं भोक बंद आहे, बाकी काही नाही.