मूठ कुणापुढे उघडायची

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षणाला निघण्याआधी तू लेंड-लीजचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं दोस्त राष्ट्रांना युद्धसामग्री उसनी देण्याच्या योजनेचा, इतिहास वाचायला घेतलास, याचा फार आनंद झाला. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, ‘काका, अमेरिकेनं ब्रिटनचं सोनं आधी काढून घेतलं आणि मग मदत दिली. म्हणजे दोस्त राष्ट्रं वगैरे बोलायच्या गोष्टी, खरा तो फक्त हिशोब.’ हे वाक्य मला दोन दिवस टोचत होतं. असं मनाशी धरून तू वाटाघाटीला बसलीस तर समोरच्याचं निम्मं बोलणं तुला ऐकूच येणार नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

सोन्याची गोष्ट खरी आहे. जानेवारी १९४१ मध्ये अमेरिकेची ‘लुईव्हिल’ ही क्रूझर दक्षिण आफ्रिकेतल्या सायमन्सटाऊन बंदरात गेली आणि ब्रिटनचं सुमारे १४ कोटी ८० लाख डॉलरचं सोनं घेऊन परतली. मार्चमध्ये कोर्टोल्ड्स या ब्रिटिश कंपनीला अमेरिकेतली आपली ‘अमेरिकन व्हिस्कोस’ ही कंपनी घाईघाईनं विकावी लागली. खऱ्या मोलापेक्षा बऱ्याच कमी किमतीला गेली ती. लंडनमध्ये लोक संतापले होते, आणि तो संताप रास्त होता.

आता तीच गोष्ट वॉशिंग्टनच्या बाजूनं बघ. पहिल्या महायुद्धाचं कर्ज बुडवणाऱ्या देशांना नवं कर्ज द्यायचं नाही, असा जॉन्सन कायदा १९३४ पासून होता. तटस्थतेच्या कायद्यांनुसार शस्त्रं विकायची तर रोख पैसे मोजून, आणि माल नेणार खरेदीदार आपल्याच जहाजातून. संसदेत कितीतरी सदस्य म्हणत होते की ब्रिटनकडे अजून गडगंज संपत्ती आहे, आमच्या करदात्यानं का सोसायचं? अर्थमंत्री मॉर्गेन्थाऊ यांना समित्यांपुढे बसून आकड्यांनिशी दाखवावं लागलं की ब्रिटनची डॉलरची तिजोरी रिकामी होत चालली आहे. ते सोनं आणि ती कंपनी म्हणजे संसदेपुढे ठेवलेला पुरावा होता. मित्राकडून निर्दयपणे घेतलेला, पण त्याच मित्राला मदत मिळावी म्हणून मांडलेला. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. यातलं एक खरं मानून दुसरं खोटं ठरवलंस की चुकलीस.

थोडं मागे जाऊ. मे-जून १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून ३ लाख ३८ हजार सैनिक सुटले. माणसं आली, तोफा आणि गाड्या तिकडेच राहिल्या. मी सारी नोकरी लष्कराच्या पुरवठा खात्यात काढली, त्यामुळे या वाक्याचा उत्तरार्धच मला जास्त दिसतो. चर्चिल यांनी पंतप्रधान झाल्यावर पाचव्या दिवशी, १५ मे रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे चाळीस-पन्नास जुन्या विनाशिका मागितल्या. त्या मिळायला २ सप्टेंबर उजाडला, आणि बदल्यात न्यूफाउंडलंडपासून ब्रिटिश गियानापर्यंतच्या तळांसाठी ९९ वर्षांचे भाडेपट्टे द्यावे लागले. जहाजं इतकी जुनी की बऱ्याचशांची आधी डागडुजी करावी लागली. ‘भंगार दिलं’ असं तेव्हाही लोक म्हणाले. पण त्यांतल्याच एका जहाजाचं नाव ‘कॅम्पबेलटाऊन’ ठेवलं गेलं, आणि २८ मार्च १९४२ च्या पहाटे ब्रिटिशांनी ते स्फोटकांनी भरून जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधल्या सॅं नाझेर बंदरातल्या गोदीच्या दरवाजावर आदळवलं. ती प्रचंड गोदी युद्ध संपेपर्यंत जर्मनांना वापरता आली नाही.

आता तुझ्या खऱ्या उपयोगाचं सांगतो, ते म्हणजे डिसेंबर १९४० चं पत्र. वॉशिंग्टनमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड लोथियन यांनी चर्चिल यांच्यामागे तगादा लावला होता, की आपली सगळी परिस्थिती लिहून कळवा. चर्चिल कचरत होते. आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची! तिजोरी रिकामी असल्याचं एकदा कागदावर आलं आणि ते फुटलं, तर शत्रूला बळ मिळेल आणि मित्राचा धीर सुटेल, ही भीती खोटी नव्हती. लोथियन मात्र नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला उतरताच पत्रकारांना सांगून मोकळे झाले की ब्रिटनचा पैसा संपत आला आहे. दोन्ही राजधान्यांमध्ये त्यांच्यावर नाराजी झाली. अखेर ८ डिसेंबरला ते पत्र रवाना झालं. त्यानंतर चारच दिवसांनी लोथियन वारले. आपल्या खटपटीला आलेलं फळ त्यांना बघायला मिळालं नाही. या माणसाबद्दल मला फार आदर आहे, आणि तू ज्या पदांवर पुढे बसशील तिथे तो तुझ्यापुढे असावा असं वाटतं.

ते पत्र अभ्यासक्रमातला पाठ म्हणून वाचू नकोस. एखादा अर्ज वाचावा तसं वाच. सुरुवातीला विनवणी नाही. बुडालेल्या जहाजांचं टनेज आहे, अटलांटिकवरचा धोका आहे, पुढच्या वर्षात काय लागेल त्याची यादी आहे. पैशाचा विषय येतो अगदी शेवटी, आणि तिथे सरळ कबुली आहे की रोख पैसे मोजणं आम्हाला जमणार नाही अशी वेळ जवळ येते आहे. त्यावर तोडगा काय काढायचा, ते मात्र चर्चिल सांगत नाहीत. तो रूझवेल्टवर सोपवलेला आहे. मला यातलं मर्म हेच वाटतं. आपल्या घरातली अडचण आपण पूर्ण सांगायची. समोरच्याला स्वतःच्या घरात कोणती वाट चालेल, ते त्यालाच ठरवू द्यायचं. लंडनमध्ये बसून कितीही डोकं चालवलं असतं तरी अमेरिकन संसदेला रुचेल असा मसुदा तिथे निघाला नसता.

रूझवेल्ट तेव्हा ‘टस्कलूसा’ या युद्धनौकेवर कॅरिबियन समुद्रात होते. समुद्री विमानानं ते पत्र त्यांच्याकडे पोचवलं. १७ डिसेंबरला त्यांनी पत्रकारांना बागेतल्या नळीची गोष्ट सांगितली: शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर मी त्याला नळीचे पंधरा डॉलर मागत बसत नाही, आग विझल्यावर माझी नळी परत दे म्हणतो. कर्ज नाही, विक्री नाही, देणगीही नाही, उसनं. आपल्या चाळीतल्या वाटीभर साखरेसारखं. विरोधक काही गप्प बसले नाहीत. सिनेटर टॅफ्ट म्हणाले, युद्धसामग्री उसनी देणं म्हणजे च्युइंग गम उसना देणं, तो कुणी परत घेत नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तरीही प्रतिनिधिगृहात २६० विरुद्ध १६५ आणि सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३१ मतांनी विधेयक मंजूर झालं. ११ मार्च १९४१ ला सही झाली आणि त्याच महिन्यात पहिले ७ अब्ज डॉलर मंजूर झाले. युद्ध संपेपर्यंत हा आकडा सुमारे ५० अब्जांवर गेला.

मधल्या काळात रूझवेल्ट यांनी आणखी एक शहाणपणाचं काम केलं. आकड्यांवर विसंबून न राहता त्यांनी आपला विश्वासू माणूस, हॅरी हॉपकिन्स, लंडनला पाठवला. आजारानं खंगलेला, कोणतंही मोठं पद नसलेला माणूस. बॉम्ब पडत असताना तो तिथे सुमारे महिनाभर राहिला. जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर तोच जुलै १९४१ च्या अखेरीस मॉस्कोला स्टालिनसमोर जाऊन बसला. सोव्हिएत सैन्य काही आठवड्यांत कोसळेल, असं वॉशिंग्टनमधले बरेच लष्करी जाणकार तेव्हा धरून चालले होते. स्टालिननं मागितलं काय, तर विमानविरोधी तोफा आणि विमानं बांधण्यासाठी ॲल्युमिनियम. महिनाभरात हरणार असं ज्याला वाटतं तो तयार विमानं मागतो. ॲल्युमिनियम मागणारा दोन-तीन वर्षं लढायचा बेत करून बसलेला असतो. कुणी काय मागतो, यावरून त्याच्या मनातलं वाचायला शीक.

मग येतो माझा विषय: माल पोचवायचा कसा. करारावर सह्या झाल्या की वर्तमानपत्रं पान उलटतात, आणि आमचं काम तिथून सुरू होतं. तरुणपणी एका आघाडीवरच्या डेपोत मी परदेशी बनावटीच्या गाड्या उतरवून घेतल्या होत्या. गाड्या वेळेवर आल्या, सुटे भाग आले चौदा महिन्यांनी. तेवढ्या काळात त्यांतल्या कितीतरी गाड्या नुसत्या उभ्या राहून गंजल्या. पुरवठादाराचं पत्र मात्र फार सौजन्यपूर्ण असायचं. तेव्हापासून कोणताही मदतीचा आकडा ऐकला की मी विचारतो, कोणत्या बंदरात, किती तारखेला, सोबत काय?

जुलै १९४२ मध्ये पीक्यू-१७ हा जहाजांचा तांडा उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातून रशियाकडे चालला होता. ‘टिर्पिट्झ’ ही जर्मन युद्धनौका चाल करून येते आहे या धास्तीनं लंडनमधून त्याला पांगण्याचा हुकूम गेला. ‘टिर्पिट्झ’ पोचलीच नाही, पण पाणबुड्या आणि विमानांनी एकट्या पडलेल्या २४ व्यापारी जहाजांना बुडवलं. तांडे काही काळ थांबवल्याचं कळताच स्टालिनचं जळजळीत उत्तर आलं. त्यानंतर ऑगस्टमध्ये चर्चिल स्वतः मॉस्कोला गेले, आणि पश्चिम युरोपात या वर्षी दुसरी आघाडी उघडणार नाही, ही याहून कडू बातमी त्यांनी समोर बसून सांगितली. शिव्याशाप ऐकले. युती टिकली. वाईट बातमी तारेनं पाठवण्याचा मोह तुलाही होईल. तेव्हा हा प्रवास आठव.

दुसरी वाट होती इराणमधून. ती मिळवायला ब्रिटन आणि रशियानं २५ ऑगस्ट १९४१ ला त्या तटस्थ देशात फौजा घुसवल्या. ब्रिटिशांकडच्या फौजेत मोठा भरणा आपल्या भारतीय जवानांचा होता. तीन आठवड्यांत रझा शहांना गादी सोडावी लागली. जानेवारी १९४२ च्या तहात लिहून दिलं, की युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत फौजा निघतील. मुदत टळली तरी रशियन फौजा हलल्या नाहीत आणि इराणला नव्यानंच जन्मलेल्या सुरक्षा परिषदेपुढे दाद मागावी लागली. मित्राला मदत करताना तिसऱ्याच्याच अंगणातून वाट काढली जाते, त्याला कुणी विचारत नाही. मला हे पटत नाही. जर्मनीला हरवणं किती गरजेचं होतं हे माहीत असूनही पटत नाही. याच भागातून आपल्या पुरवठा दलाच्या लोकांनी रशियासाठी माल वाहिला. सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंह यांना १९४४ मध्ये सोव्हिएत सरकारनं ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ दिला. बंदूक चालवण्यासाठी नव्हे, माल पोचवण्यासाठी. आमच्या खात्यातल्या माणसाला हे सांगताना ऊर भरून येतो.

आणि मुंबई. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत जे ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं, ते कॅनडात बांधलेलं आणि लेंड-लीजखाली ब्रिटनला मिळालेलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि कराचीत चढवलेल्या हजारो कापसाच्या गाठी. स्फोटकांशेजारी कापूस! युद्धात जहाजांची टंचाई इतकी, की असलेली जागा भरायची हाच नियम झाला होता. शेकडो माणसं गेली, त्यांत ६६ अग्निशामक. वॉशिंग्टनच्या कागदावरच्या आकड्याचं एक टोक असं भायखळा-मस्जिद बंदरच्या घरांपर्यंत येऊन पोचतं.

हिंदुस्थानच्या वाट्याला काय आलं ते थोडक्यात लिहितो, कारण त्यावर तू स्वतंत्रपणे वाचायला हवंस. लोकांना आपलं सरकार निवडण्याचा हक्क सांगणारी अटलांटिक सनद ऑगस्ट १९४१ मध्ये निघाली; पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी संसदेत ती हिंदुस्थानला लावायला नकार दिला. अमेरिकेनं हिंदुस्थानसाठी २२ कोटी ६० लाख औंस चांदी दिली, ती औंसाला औंस परत करायच्या बोलीवर. ती परतफेड पुढे स्वतंत्र झालेल्या भारतानं आणि पाकिस्ताननं केली. उलट ब्रिटनच आपला सुमारे १,३०० दशलक्ष पौंडांचा देणेकरी झाला होता. ज्याला टेबलावर खुर्ची नव्हती, त्याच्याही नावावर खाती उघडली गेली होती.

शेवट कसा झाला तेही बघ. जर्मनी पडल्यावर जपानशी युद्ध वर्षभर तरी चालेल आणि तोवर मदत येत राहील, या हिशोबावर ब्रिटिश बसले होते. अणुबॉम्बनं तो हिशोब पुसला. २१ ऑगस्ट १९४५ ला रूझवेल्ट यांच्यानंतरचे अध्यक्ष ट्रुमन यांनी लेंड-लीज थांबवल्याचं जाहीर केलं. लंडनला ते ‘गरज सरो, वैद्य मरो’ वाटलं. पण कायदा युद्धासाठी होता आणि युद्ध संपलं होतं; तो मजकूर पहिल्या दिवसापासून तिथेच होता. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स आजारी शरीरानं वॉशिंग्टनला गेले, आणि डिसेंबरमध्ये २ टक्के व्याजानं ३.७५ अब्ज डॉलरचं कर्ज घेऊन परतले. उरलेल्या सगळ्या सामानाचा हिशोब ६५ कोटी डॉलरवर मिटला. मूळ मदतीपुढे ही रक्कम अगदीच थोडी. कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटननं २९ डिसेंबर २००६ ला फेडला. तुझा जन्म तोवर झाला होता.

हे दोन्ही एकाच अमेरिकेनं केलं. पौंड खुला करण्याची, म्हणजे मागेल त्याला तो डॉलरमध्ये बदलून देण्याची, कडक अटही घातली, आणि अब्जावधींचं येणंही सोडून दिलं. यातली खरी अमेरिका कोणती, हा प्रश्न तू मला विचारू नकोस. त्या महिन्यात, त्या समितीत कोण बसलं होतं आणि त्याच्या मतदारांना काय वाटत होतं, हे विचार. त्याचं उत्तर सापडतं.

तुला निघायला अजून तीन आठवडे आहेत. तोवर एक काम कर. एखादा लहान देश कल्प, त्याच्यावर हल्ला झालेला आहे, आणि त्याच्या राजदूताच्या जागी बसून मित्रदेशाच्या प्रमुखाला दोन पानांचं पत्र लिही. आधी नुकसान, मग गरज, मग बंदरं आणि तारखा, पैसे सगळ्यांत शेवटी. मदत कधी थांबेल आणि त्यानंतर तुमचं काय होईल, त्याला एक परिच्छेद दे. मराठीत लिहिलंस तरी चालेल. मला पाठव, मी समासात शेरे लिहून परत करीन. आणि जाण्याआधी मुंबईत एक दिवस काढ. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्या ६६ जणांचं स्मारक आहे, तिथे आपण दोघं जाऊन येऊ.

तुझे,
काका